प्लग नंबरावर विका, नजरेवर नको

मोटारसायकल, रिक्षा व मोटार दुरुस्तीचा आणि सुट्या भागांच्या विक्रीचा धंदा हा कोल्हापूर शहरात व जिल्ह्यात आपल्या समाजातील अनेक कुटुंबांच्या पोटापाण्याचा आधार आहे. कोणी फिटर आहे, कोणी वायरमन आहे, कोणाचे स्पेअर पार्टचे दुकान आहे, तर कोणाचा मुलगा उस्तादाच्या हाताखाली पाने-स्क्रू ड्रायव्हर उचलून देत धंदा शिकतो आहे. हा धंदा हातातल्या हुनरावर आणि तोंडच्या शब्दावर चालत आला. म्हणूनच त्या धंद्यातील एका लहानशा वस्तूविषयी आम्ही आज थोडे सविस्तर लिहीत आहोत. ती वस्तू म्हणजे स्पार्क प्लग.

वस्तू लहान आहे. साधा प्लग शे-सव्वाशे रुपयांच्या आसपास मिळतो. गॅरेजमध्ये दिवसातून अनेकदा तो बदलला जातो आणि कोणी त्याचा फारसा विचारही करीत नाही. गिऱ्हाईक म्हणते, ‘गाडी मिसिंग मारते’. फिटर पोऱ्याला दुकानात पिटाळतो. पोऱ्या जुना प्लग दाखवितो. दुकानदार नजरेने मापून तसाच दिसणारा दुसरा काढून देतो. कधी तसाच नसला तर ‘चालेल की’ म्हणून देतो. आमची तक्रार या ‘चालेल की’बद्दल आहे.

ज्या गावात मापाने माल बनतो

कोल्हापूरला यंत्राचे माप शिकविण्याची गरज नाही. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्या व मशीन शॉप यांतून जे कास्टिंग बाहेर जाते ते ड्रॉइंगप्रमाणे जाते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक पडला तरी माल परत येतो, हे तेथील साधा टर्नरही जाणतो. डिझेलवर चालणाऱ्या ऑइल इंजिनाला ठिणगीचा प्लग लागत नाही, त्यामुळे पंपाच्या इंजिनावर हात बसलेल्या जुन्या मिस्त्रींचा प्लगशी फारसा संबंध आला नाही. परंतु पेट्रोल व गॅसवर चालणाऱ्या दुचाकी, रिक्षा, मोटारी आणि शेतातील फवारणी पंप या सर्वांचा जीव त्या ठिणगीत आहे. ज्या गावात इंजिनाचे भाग मापाने ओतले जातात त्याच गावात त्या इंजिनातील प्लग मात्र नजरेने विकला जावा, हे आम्हांस शोभणारे वाटत नाही.

चार गोष्टी जुळल्या पाहिजेत

प्लग बरोबर आहे की नाही हे ठरविण्यासाठी मुख्यतः चार गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली गोष्ट आट्यांची जाडी. बहुतेक जुन्या गाड्यांना १४ मि.मी. आट्यांचा प्लग बसतो. १०० सी.सी.च्या चार-स्ट्रोक मोटारसायकली १९८५ नंतर आपल्याकडे आल्या, त्यांतील हिरो होंडासारख्या गाड्यांना १० मि.मी.चा बारीक प्लग लागू लागला. यात चूक होणे कठीण, कारण दुसरा प्लग बसणारच नाही.

दुसरी गोष्ट आट्यांची लांबी. येथे मात्र घोटाळा होतो. सामान्यतः ही लांबी १२.७ मि.मी. किंवा १९ मि.मी. असते. आट्यांची जाडी सारखीच असल्याने दोन्ही प्लग एकाच हेडमध्ये फिरतात. आखूड हेडमध्ये लांब प्लग बसविला तर त्याचे टोक आत डोकावते, पिस्टनला लागण्याचा धोका राहतो. लागला नाही तरी उघड्या आट्यांवर कार्बन धरतो आणि पुढच्या वेळी प्लग काढताना ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे घेऊनच तो बाहेर येतो. मग हेडला बुश मारण्याचे काम निघते. उलट लांब हेडमध्ये आखूड प्लग बसविला तर ठिणगी आत खड्ड्यात पडते, पेट्रोल नीट जळत नाही आणि हेडच्या रिकाम्या आट्यांत कार्बन भरतो. गिऱ्हाईक मात्र म्हणते, ‘नवीन प्लग टाकला तरी गाडी उचलत नाही.’

तिसरी गोष्ट बैठक. काही प्लगांना वॉशर असतो, काहींची बैठक निमुळती असून त्यांना वॉशर लागत नाही. एकाच्या जागी दुसरा बसवून कॉम्प्रेशन गळू देणे हे फिटरचे काम नव्हे.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे प्लगचा ‘गरम’पणा किंवा ‘थंड’पणा. गरम प्लग म्हणजे जास्त ठिणगी देणारा प्लग, असा समज पुष्कळ ठिकाणी आहे. तो चुकीचा आहे. प्लगच्या टोकाशी असलेल्या चिनी मातीच्या नाकाची उष्णता किती लवकर हेडकडे जाते, एवढाच त्याचा अर्थ. नाक लांब असेल तर उष्णता सावकाश जाते व प्लग गरम राहतो. नाक आखूड असेल तर प्लग लवकर थंड होतो. चालत्या इंजिनात या टोकाचे तापमान सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या वर राहावे लागते, म्हणजे त्यावर बसणारी काजळी जळून जाते. ते सुमारे ८५० अंशांच्या पुढे गेले तर ठिणगी पडण्यापूर्वीच तापलेल्या टोकाने पेट्रोल पेटू लागते आणि शेवटी पिस्टनला भोक पडते. कंपनीने एखाद्या इंजिनाला विशिष्ट नंबर दिलेला असतो, तो या दोन मर्यादांच्या मध्ये टोक राहावे म्हणून.

आकड्यांचा गोंधळ

यात खरी अडचण आकड्यांची आहे आणि ती आमच्या दुकानदार बांधवांनी समजून घेणे आवश्यक आहे. प्रत्येक कंपनीचे आकडे एकाच दिशेने चालत नाहीत. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉश व चॅम्पियन यांच्या सध्याच्या नंबरांत आकडा जितका मोठा तितका प्लग गरम. म्हणजे एनजीकेचा ७ बसत असलेल्या गाडीला ‘जरा गरम हवा’ म्हणून कोणी त्याच कंपनीचा ८ दिला तर प्रत्यक्षात जास्त थंड प्लग गेला.

बॉशची भारतातील कंपनी मायको या नावाने १९५१ साली बंगळूरमध्ये सुरू झाली आणि २००८ साली तिचे नाव बॉश लिमिटेड झाले. जुन्या फिटरांच्या तोंडी अजून ‘मायकोचा प्लग’ हाच शब्द आहे. याच बॉशच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की प्लग थंड होत असे; नव्या नंबरांत नेमके उलट झाले. जुना १७५ म्हणजे नवा ७ आणि जुना २२५ म्हणजे नवा ५. ज्या उस्तादांनी जुन्या पद्धतीने धंदा शिकविला त्यांच्या शागीर्दांनी तोच हिशेब नव्या पाकिटाला लावला तर तो उलटा पडतो. यात उस्तादांचा काही दोष नाही. पद्धत बदलली, तेव्हा शिकवणही बदलली पाहिजे.

एक उदाहरण देतो. १४ मि.मी. जाडीचा, १९ मि.मी. लांबीचा, टोक पुढे आलेला मध्यम गरमपणाचा एकच प्लग घ्या. एनजीकेच्या पाकिटावर तो बीपी ६ ईएस आहे, बॉशच्या पाकिटावर डब्ल्यू ७ डीसी, डेन्सोच्या पाकिटावर डब्ल्यू २० ईपी आणि चॅम्पियनच्या पाकिटावर एन ९ वायसी. काम एकच, आकडे चार: ६, ७, २० आणि ९. आता ज्याच्यापाशी तक्ता नाही तो केवळ आकडा पाहून किंवा केवळ नजरेने कसा निर्णय देणार?

येथे आमचे म्हणणे कोणी चुकीचे समजू नये. कंपनीने सांगितलेल्या एकाच छापाचा प्लग घ्यावा, दुसरा घेऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. एका छापाचा माल संपला असेल तर दुसऱ्या छापाचा जोडीचा नंबर देण्यात काहीच गैर नाही. परंतु तो तक्ता पाहून द्यावा, अंदाजाने नव्हे. आणि नंबरात ‘आर’ असेल तर बदली प्लगही ‘आर’चाच द्यावा. हा ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला, बहुतेक दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन व संगणकी पेटी आली. बिनरेझिस्टरच्या प्लगची ठिणगी या पेटीच्या कामात गडबड करू शकते. मग फिटर सेन्सर बदलतो, वायरिंग तपासतो आणि दोष मात्र एका अक्षराचा असतो.

प्लग हा दवा नव्हे, नाडी आहे

आमच्या मते गॅरेजमधील दुसरी वाईट सवय म्हणजे इंजिनाचा आजार प्लगने झाकणे. काढलेला प्लग हा इंजिनाची नाडी आहे. त्याचे टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, एअर फिल्टर चोंदला आहे किंवा चोक अडकला आहे. काळा ओला तेलकट प्लग सांगतो की रिंगा किंवा वॉल्व्हच्या बाजूने ऑइल वर येत आहे. टोक पांढरेफटक, फोड आल्यासारखे दिसले तर पेट्रोल कमी पडते आहे, टायमिंग चुकले आहे किंवा प्लगच फार गरम नंबराचा आहे.

तेलाने भरणाऱ्या प्लगच्या जागी गरम नंबराचा प्लग टाकला तर काही दिवस गाडी चालते, हे खरे. परंतु रिंगांचे काम तसेच राहते, आणि घाट चढताना किंवा भर उन्हात भरलेली रिक्षा ओढताना तोच गरम प्लग पिस्टनच्या मुळावर येतो. रिक्षावाल्याची रोजची कमाई त्या इंजिनावर आहे. त्याला आज ‘रिंगा गेल्या आहेत, पंधरा दिवसांत काम करून घे’ असे स्पष्ट सांगितले तर तो थोडा नाराज होईल. न सांगता गरम प्लग टाकून दिला तर तो खूष होऊन जाईल आणि महिन्याने बोअर-पिस्टनच्या खर्चाखाली येईल. या दोन फिटरांपैकी त्याचा हितचिंतक कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

गॅसवर चालणाऱ्या रिक्षा व मोटारींबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सीएनजी पेटविण्यास पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची वीज लागते. म्हणून प्लग झिजून गॅप वाढला की पेट्रोलवर ठीक चालणारी गाडी गॅसवर मिसिंग मारू लागते. अशा वेळी किटला दोष देण्यापूर्वी फिलर गेज घेऊन गॅप पाहावा. त्याचप्रमाणे २००३ साली बजाजने पल्सरमध्ये डीटीएस-आय या नावाने एका सिलिंडरला दोन प्लगांचे तंत्र आणले. अशा गाडीत हाताला सोपा पडणारा एकच प्लग बदलून दोन्हींचे पैसे घेण्याचा मोह कोणास होऊ नये.

महाग प्लगांविषयीही खरे बोलावे. इरिडियमचा प्लग निकेलच्या साध्या प्लगपेक्षा कितीतरी जास्त टिकतो, कारण इरिडियम सुमारे २,४४६ अंशांना वितळतो तर निकेल १,४५५ अंशांना. त्याचे टोकही बारीक असते, त्यामुळे ठिणगी सहज पडते. परंतु झिजलेल्या इंजिनाला तो तरुण करीत नाही. दहा वर्षांच्या गाडीच्या मालकाला ‘ॲव्हरेज वाढेल, पिकअप येईल’ असे सांगून चौपट किमतीचा प्लग गळ्यात बांधणे आणि नकली प्लग असली म्हणून देणे, यांत आम्हांस फार अंतर दिसत नाही.

नकली माल आणि आपली जबाबदारी

नकली मालाविषयी बोलणे भाग आहे. प्रसिद्ध छापाच्या पाकिटात भरलेला हलका माल बाजारात येतो, तसेच जुने प्लग ब्रशने घासून, पॉलिश करून पुन्हा पाकिटात येतात. अशा प्लगची चिनी माती गरमीने तडकते, ठिणगी आतल्या आत गळते, आणि मधला दांडा सैल होतो. दुकानदार म्हणतात, ‘गिऱ्हाईकच स्वस्त मागते, आम्ही काय करावे?’ गिऱ्हाईक स्वस्त मागते हे खरे. पण ते नकली मागत नाही. स्वस्त छापाचा प्रामाणिक प्लग स्वस्त म्हणून विकण्यास कोणाची हरकत नाही. हरकत नाव बदलण्याला आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात, आत ओलावा लागतो, आणि ओला माल वर का ठेवला नाही असे विक्रेत्याला विचारतात, हा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने मशिदीत ऐकलेला आहे. त्या ढिगाच्या जागी आज प्लगचे पाकीट आहे. पवित्र कुरआनात माप-तोलात कमी करणाऱ्यांना कडक इशारा आहे आणि हजरत शुऐब (अ.) यांच्या कौमच्या नाशाच्या कथेतही मापातील बेइमानीचा उल्लेख आहे. माप म्हणजे केवळ तराजू नव्हे. १९ मि.मी.च्या जागी १२.७ मि.मी. देणे हीसुद्धा मापातीलच खोट आहे.

कायद्याच्या बाजूनेही सावध राहावे. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्यानुसार नकली छापाचा माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाच्या नुकसानीची जबाबदारी बनविणाऱ्यापुरती न ठेवता काही प्रसंगी विकणाऱ्यावर व सेवा देणाऱ्यावरही आणली आहे. आणि बिनबिलाच्या मालाचे मोठे समर्थन जे कराचे असे, तेही आता कमजोर झाले आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला.

काय करावे?

आमच्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक दुकानात व गॅरेजमध्ये प्लगचा जोड-तक्ता भिंतीवर असावा, निदान त्याचा फोटो मोबाइलमध्ये असावा. बिलावर ‘प्लग १ नग’ असे न लिहिता पूर्ण नंबर लिहावा. त्यामुळे पुढच्या फिटरलाही मार्ग मिळतो. प्लग आधी हाताने फिरवावा, आटे बरोबर धरले की मगच पाना लावावा, आणि नवा वॉशर दबेपर्यंत साधारण पाव ते अर्धा फेरा द्यावा. लांब दांड्याच्या पान्याने जोर दाखवू नये. काढलेला प्लग गिऱ्हाइकाला दाखवून त्याचा अर्थ सांगावा. आणि निकामी प्लग भंगारात देण्यापूर्वी हातोडीने त्याची चिनी माती फोडावी, म्हणजे तो पुन्हा पाकिटात जाणार नाही. या शेवटच्या कामास अर्धे मिनिट लागते, परंतु नकली धंद्याचा कच्चा माल त्यानेच तुटतो.

मुलांच्या शिक्षणाचा विचारही येथे येतो. छत्रपती शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटीच्या कामास हात घातला आणि दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले, ते आपल्या मुलांनी शिकावे म्हणून. शिक्षण म्हणजे केवळ दहावी-बारावी नव्हे. गॅरेजमधील मुलाला पाकिटावरील इंग्रजी अक्षरे व आकडे वाचता आले, मायक्रोमीटर व फिलर गेज धरता आले, इंजेक्शनच्या गाडीचे दोष-संकेत समजले, तर तो कारागीर होईल. नाही तर आयुष्यभर हेल्पर राहील. समाजाच्या संस्थांनी रविवारी सकाळी दोन तास अनुभवी फिटर व आयटीआयचे निदेशक यांना बोलावून असे वर्ग चालवावेत, असे आम्ही सुचवितो. यास मोठी इमारत लागत नाही. एक जुने इंजिन व एक फळा पुरे.

काही जण म्हणतील की, विजेच्या गाड्या आल्या, आता प्लगची चर्चा कशाला? ज्या चेतकची किक मारून एक पिढी मोठी झाली ते नाव २०२० साली विजेच्या स्कूटरवर परत आले आणि तिच्यात प्लगच नाही, हे खरे आहे. पेट्रोलच्या गाड्या आज रस्त्यावर इतक्या आहेत की हे काम अजून पुष्कळ वर्षे पुरेल. परंतु ते कायमचे पुरणार नाही. आमचे म्हणणे असे की, जो आज प्लगचा नंबर वाचून, तक्ता पाहून, मोजून काम करण्याची सवय लावील तोच उद्या बॅटरी व कंट्रोलरचे काम शिकू शकेल. ज्याला आज ‘चालेल की’ची सवय आहे त्याच्या हाती उद्याच्या गाडीचे झाकणही कोणी देणार नाही.

कंपन्यांच्या चकचकीत सर्व्हिस सेंटरसमोर आपले लहान गॅरेज टिकून आहे ते स्वस्ताईमुळे जितके, तितकेच ओळखीच्या माणसावरील भरवशामुळे. तो भरवसा एका शे-सव्वाशे रुपयांच्या वस्तूपायी घालवू नये. अल्लाह आपल्या सर्व बांधवांना प्रामाणिक धंद्याची तौफीक आणि हलाल कमाईत बरकत देवो.